पहिल्या नेमणुकीचं गाव

ओटा पुसून, दुधाला विरजण लावून मी नुकतीच बाहेर येऊन टेकले होते. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. नात झोपली होती. हे आणि मुलगा बातम्या बघत होते, आणि सूनबाई जेवणाच्या टेबलावर मोबाइल, एक शंभरपानी वही आणि महाराष्ट्राचा एक जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा पसरून बसली होती. २०२४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट.

नकाशा माझाच. मी मिरजेत नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाले तेव्हा पिशवीतून जे काय घरी आलं त्यात हाही आला. इतकी वर्षं माळ्यावर पडून होता. आता सूनबाईने तो झटकून काढला होता, कारण तिला गाव निवडायचं होतं. तिच्या पहिल्या नोकरीचं गाव.

आमच्या वेळी हे असं नव्हतं. अर्ज करायचा, मुलाखतीला जायचं आणि मग पोस्टमनची वाट बघायची. हुकूम यायचा, त्यात गाव लिहिलेलं असायचं. पटलं तर जा, नाही तर घरी बसा. आता सगळं संगणकावर. डी.एड. करा, टीईटी पास व्हा, मग ती शिक्षक अभियोग्यता चाचणी द्या. दोनशे प्रश्न, दोन तास. आमच्या सूनबाईने २०२३ साली ती दिली तेव्हा नात तीन वर्षांची होती. दुपारी पोरीला थोपटत थोपटत ही एका हाताने पुस्तकाची पानं उलटायची, हे मी रोज बघितलंय. राज्यभरातून दोन लाखांवर मुलामुलींनी ती परीक्षा दिली, आणि जागा निघाल्या एकवीस हजारांच्या वर. त्यात हिचे गुण बरे होते. फार वर नाही, फार खाली नाही. म्हणजे आपल्यासारखेच, मधले.

आता ‘पवित्र’ नावाच्या त्या पोर्टलवर तिच्यापुढे जिल्हा परिषदांची यादी आली होती. ह्यातला कुठला जिल्हा पहिला, कुठला दुसरा, कुठला दहावा, असा क्रम लावायचा, आणि एकदा लावून ‘लॉक’ केला की मग बदल नाही. गुणांच्या क्रमाने एकेका उमेदवाराचा नंबर येतो, आणि त्याने मागितलेल्यांपैकी जी सर्वांत वरची जागा शिल्लक असेल ती त्याला मिळते.

घरात जो तो बोलत होता. मुलगा म्हणाला, “सांगली, कोल्हापूर, सातारा एवढंच भर. बाकी कशाला? मिळालं तर मिळालं.”

हे म्हणाले, “तेवढंच भरलं आणि तिथपर्यंत नंबर नाही आला, तर हातात काहीच नाही. परीक्षा पुन्हा कधी होईल कोण जाणे. २०१७ नंतर ही थेट २०२३ला झाली.”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “पोर चार वर्षांची आहे. तिचं काय करायचं, त्याचा आधी विचार करा.”

सूनबाई काही बोलली नाही. पेन्सिलीने नकाशावर रेघ ओढत होती. मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, रत्नागिरी. मग एकदम मान वर करून तिने विचारलं, “आई, तुमची पहिली ऑर्डर कुठली होती हो?”

मी तयारच होते. ह्या प्रश्नाचं उत्तर मी पंचेचाळीस वर्षं देत आले होते. “कोकणातली. आली होती बाई एक ऑर्डर. पण सासूबाईंच्या मनात नव्हतं.”

“म्हणजे तुम्हालाही सोडावी लागली,” ती म्हणाली, आणि तिने वही मिटली.

त्या ‘तुम्हालाही’मधला ‘ही’ मला असा काही टोचला म्हणून सांगू! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण मैत्रिणींनो, मी तिला जे सांगितलं ते खरं नव्हतं.

खरं काय झालं होतं ते आता सांगते.

१९७७ साली मी डी.एड. झाले. १९७८च्या मे महिन्यात लग्न होऊन मिरजेला आले, आणि हळदीचे हात नीट निघाले नव्हते तोच जूनमध्ये माहेरच्या पत्त्यावर गेलेला हुकूम फिरून सासरी आला. रत्नागिरी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता. तो झाला १९८१च्या १ मेला. त्यामुळे हुकुमावर रत्नागिरी असलं तरी गाव होतं पार खाली, कणकवलीच्या बाजूचं. पंधरा दिवसांत हजर व्हा, असं लिहिलं होतं.

मामंजी म्हणाले, “आधी गाव बघून या.” म्हणून आम्ही दोघं निघालो. कोल्हापूरपर्यंत ठीक होतं. पुढे गगनबावड्याचा घाट सुरू झाला आणि पावसाने जे धरलं ते सोडलंच नाही. एस.टी.च्या खिडकीला काच नव्हती, ताडपत्रीचा पडदा होता. धुक्यात पुढचं काही दिसेना. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. तळेऱ्याला उतरलो आणि तिथून चिखलातून चालत, दोन ठिकाणी व्हाळावरच्या साकवांवरून, संध्याकाळी गावात पोहोचलो. साकव म्हणजे काय, तर चार पोफळीची खोडं एकाशेजारी एक टाकलेली. खाली लाल पाणी नुसतं घोंघावत होतं.

शाळा देवळाच्या पडवीत भरायची. गुरुजी एकटेच, निवृत्तीला आलेले. माणूस देवासारखा. त्यांच्या घरी आम्हाला उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा दिला. मी बांगडा खात नाही म्हटल्यावर त्यांच्या बायकोने धावपळ करून फणसाच्या आठळ्यांची भाजी केली. माझ्यासाठी बघितलेली खोली दाखवली. स्वच्छ सारवलेली होती, पण दाराला आतून कडी नव्हती, नुसता अडसर. आणि नळ्यांच्या खाली वाशावर सापाची कात लोंबत होती. गुरुजी सहज म्हणाले, “धामण असेल, काही करत नाही.”

त्या रात्री मी पहिल्यांदा असा अंधार पाहिला. आम्ही मिरजेची माणसं. रात्रभर गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत झोपायची सवय. तिथे पावसाशिवाय कसला आवाज नाही. हे शेजारी घोरत होते आणि मी विचार करत होते की उद्या हे परत जातील, परवा मी इथे एकटी असेन.

सकाळी निघताना इरलं पांघरलेली एक सातआठ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. नाकात चमकी, हातात ओली पाटी. मला म्हणाली, “बाईनू, तुमी रवतलास मां?”

म्हणजे, तुम्ही राहणार ना? मला ते न कळल्यासारखं केलं मी. हसले आणि पिशवी उचलली.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं विचारून घेतलं. पाणी कुठून आणतात, चूल की स्टोव्ह, शेजार कसा. माझा चेहरा त्यांनी ओळखला असावा. संध्याकाळी वाती वळता वळता म्हणाल्या, “एकटीला नको वाटत असेल तर मी येते. दिवाळीपर्यंत राहू दोघी. तोवर तुझा पाय रुळेल. मला काय, चूल कुठंही पेटते.”

बायकांनो, १९७८ साली मिरजेतली सोवळ्यातली सासू नव्या सुनेला हे म्हणाली. आणि मी काय उत्तर दिलं? “मामंजींच्या पथ्याचं कसं होणार?” मामंजींना साधी अॅसिडिटी होती!

मुदत संपली. मी हजर झाले नाही. चार दिवसांनी शेजारच्या वहिनींनी नळावर विचारलं, “काय ग, जाणार होतीस ना कोकणात?” मी पटकन बोलून गेले, “सासूबाईंच्या मनात नाही हो.” आमच्या नळाला लागून परसदार. दारापलीकडे सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्या विषयावर त्या माझ्याशी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. १९९४ साली गेल्या. तोवर माझं ते वाक्य इतकं मुरलं होतं, की माहेरी, सासरी, शाळेत सगळ्यांना तेच ठाऊक होतं. “बिचारीची पहिली नोकरी सासूमुळे गेली.” मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पुढे रजेच्या जागांवर दोनदोन महिने काम केलं, शिकवण्या घेतल्या, आणि कायमची नोकरी लागली ती १९८५ साली. सात वर्षं माझ्या सेवापुस्तकात आलीच नाहीत. त्याचा हिशोब मी सासूबाईंच्या नावावर मांडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेला, हे भाजी आणायला गेले, तेव्हा मी सूनबाईला पाटावर बसवलं. भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता, म्हणून भाकरीकडे बघत सांगितलं. शेवटची भाकरी करपली.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, मलाही भीतीच वाटतेय. पोरीचं कारण तुम्ही काढलंत ते मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, आता माझ्यावर येणार नाही.”

घ्या! म्हणजे मी जे सासूबाईंवर ढकललं, ते ही माझ्यावर ढकलायच्या बेतात होती, आणि मीच तिच्या हातात कारण देत होते.

मग आम्ही दोघी पुन्हा वही घेऊन बसलो. ह्या वेळी दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या. एका पानावर ‘भीती’ आणि एका पानावर ‘अडचण’. कारण अडचणीला उपाय असतो, तो शोधता येतो. भीती नुसती ओळखावी लागते. पोर लहान आहे ही अडचण. साप निघेल ही भीती. नवरा सांगलीत आणि मी तिकडे, ही अडचण. लोक काय म्हणतील, ही भीती. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून दरमहा सोळा हजार रुपये मानधन, त्यात खोलीचं भाडं, येणं-जाणं आणि इकडचा घरखर्च, ही अडचण. (आधी हे मानधन सहा हजार होतं; ते १ जानेवारी २०२३ पासून वाढलं, नाही तर विचारच नको.) हिशोब मांडला. पहिल्या वर्षी शिल्लक राहणार नव्हतीच. पण खड्डाही पडत नव्हता.

मग क्रम. इथे मी तिच्याकडून दोन गोष्टी शिकले, त्या ज्यांच्या घरी अशी लेक-सून असेल त्यांच्यासाठी सांगते. पहिली ही की, मनापासून हवा असलेला जिल्हा वर लिहायला घाबरू नये. ‘तिथे नंबर लागणार नाही’ म्हणून तो खाली टाकण्यात फायदा काही नाही. नाही लागला तर यादी आपोआप पुढे सरकते. दुसरी ही की, जिथे काही झालं तरी जायचं नाही, ते नाव यादीत भरायचंच नाही. नुसती यादी लांब दिसावी म्हणून भरलं, आणि नेमकं तेच पदरात पडलं तर? जिल्हा बदलून घेणं म्हणजे काही खेळ नव्हे. नवऱ्याच्या गावी बदली मिळावी म्हणून वर्षानुवर्षं कागद फिरवणाऱ्या शिक्षिका मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तेव्हा ‘एकदा लागू दे, मग बघू बदलीचं’ ह्या भरवशावर गाव निवडू नये.

तिने सांगली पहिलं घातलं, कोल्हापूर दुसरं आणि रत्नागिरी तिसरं. साताऱ्याच्या आधी रत्नागिरी का, असं मुलाने विचारलं. ती म्हणाली, “साताऱ्यात डोंगरातली शाळा मिळाली तर तिथून मिरजेला यायला दोन गाड्या बदलाव्या लागतील. रत्नागिरीचा रस्ता सरळ आपल्या दारावरून जातो.” हे बाकी खरं. नकाशावर लांब दिसणारं गाव गाडीच्या हिशोबाने जवळ असतं. किलोमीटर मोजू नयेत, गाड्या मोजाव्यात.

‘लॉक’चं बटण दाबायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “दिवाळीपर्यंत मी येते तुझ्याबरोबर.” बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, हे शब्द माझे नव्हेत.

हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, “आणि आम्ही?”

“तुम्ही दोघं कुकर लावायला शिका,” मी म्हटलं.

महिनाअखेरीला यादी लागली. रत्नागिरी! मुलाचा चेहरा पडला, पण त्याने पेढे आणले. पुढे कागदपत्रांची तपासणी, समुपदेशन हे सोपस्कार झाले. समुपदेशनात रिकाम्या शाळांची नावं समोर दाखवतात आणि गुणांच्या क्रमाने एकेकाने निवडायची. तिथे विचार करायला दोन मिनिटं मिळतात. म्हणून आधीच आठदहा शाळांची चौकशी करून ठेवावी. आम्ही कुणाकुणाला फोन केले असतील! माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीची भाची देवरुखला दिलेली, तिच्या शेजारच्या शिक्षिकाबाई, त्यांच्या ओळखीचे केंद्रप्रमुख. असं करत करत दोन दिवसांत वहीची चार पानं भरली.

काय विचारलं? तर शाळेत शिक्षक किती. पाचवीपर्यंत साठ मुलं असतील तर दोन शिक्षक हा नियम. पण दुसरी जागा भरलेली आहे की रिकामी, हे विचारावं. एकटीच्या गळ्यात शाळा पडली तर आजारी पडायचीही सोय नाही. मग शेवटची एस.टी. किती वाजता आणि मुक्कामाची आहे का. गावात अंगणवाडी आहे का. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब. फोनला रेंज येते का, आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर किती दिवस येत नाही. आणि पाण्याचं विचारताना जूनचं विचारू नये, एप्रिल-मेचं विचारावं. कोकणात पावसाचा तोटा नाही, पण मेमध्ये विहिरींचे तळ दिसतात. घरमालकीण स्वभावाने कशी, हे तर सर्वांत आधी विचारावं.

तिने साखरप्यापासून आत असलेली दोन शिक्षकी शाळा घेतली. दुसरे गुरुजी दहा वर्षांपासून तिथेच आहेत. खोली मिळाली ती एका आजींच्या घराला लागून. मी आधी जाऊन बघून आले. २०२३च्या मार्चपासून बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे जाण्यायेण्याचं ओझंही वाटलं नाही. खोलीत शिरल्या शिरल्या मी दाराची कडी बघितली. चांगली जाड लोखंडी होती. मग वर बघितलं. वासे स्वच्छ होते. तरी जाताना मी आणखी एक कोयंडा नेला आणि सुताराकडून बसवून घेतला.

जूनमध्ये आम्ही तिघी निघालो. घाटावरच्या माणसाने कोकणात पावसाळ्याला जाताना काय न्यावं हेही सांगून ठेवते. सुती साड्या आणि चादरी नेऊ नयेत, चार दिवस वाळत नाहीत, सिंथेटिक बऱ्या. कागदपत्रं, सेवापुस्तकाच्या प्रती, पोरीचा जन्मदाखला हे सगळं दुहेरी प्लॅस्टिकमध्ये. मीठ, साखर, चहा काचेच्या बरण्यांतच. काडेपेटी डब्यात तांदळात खुपसून ठेवावी. पापड-कुरडया भाराभर नेल्या तर बुरशी धरतात, मी शहाणपणा केला आणि अर्ध्या टाकल्या. चपला चामड्याच्या नकोत. आणि चटणी मात्र आपली न्यावी, नाही तर जेवण गोड लागत नाही, म्हणजे गोडच लागतं.

पहिला महिना सोपा गेला असं म्हणणार नाही. सूनबाई दोनदा रडली. एकदा तीन दिवस वीज नव्हती तेव्हा, आणि एकदा मुलाच्या वाढदिवसाला. नात मात्र आठ दिवसांत रुळली. अंगणवाडीतून आली की आजींच्या अंगणात पडवळाच्या मांडवाखाली खेळायची. माझे गुडघे तक्रार करत होते, पण उतारावरून चालायची सवय झाली. रात्री पाऊस लागला की मी जागी व्हायचे. तोच आवाज, तोच अंधार. पण शेजारी दोघींचे श्वास ऐकू यायचे. तेव्हा मनात यायचं, १९७८ साली सासूबाई अशाच शेजारी झोपल्या असत्या. मी ‘हो’ म्हणाले असते तर.

ती इरलं पांघरलेली मुलगी आता पन्नाशीच्या पुढे गेली असेल. तिच्या शाळेत कुणीतरी बाई आल्याच असतील पुढे. माझ्यावाचून काही अडलं नसणार. तरी तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, एवढं राहून गेलं.

तिकडे बापलेकांनी कुकर लावायला शिकून घेतलं. वरणात मीठ दोघांनीही घातलं, असं महिन्यातून एकदा तरी व्हायचं. शनिवारी मुलगा रात्रीपर्यंत यायचा, रविवारी दुपारी परतायचा. दिवाळीच्या सुटीत आम्ही सगळ्या मिरजेला आलो, आणि सुटी संपल्यावर सूनबाई आणि नात दोघीच गेल्या. मीच म्हटलं होतं दिवाळीपर्यंत. शिवाय आजींनी सांगितलं होतं, “आता तुम्ही नसलात तरी चालेल, पोरगी माझ्यापाशी राहते.” ऐकून बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. सासूचं हे असंच असतं.

संक्रांतीला हळदीकुंकवाला म्हणून मी शेजारच्या वहिनींकडे गेले. त्याच वहिनी, नळावरच्या. आता पंच्याऐंशीच्या आहेत, कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं. त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, “वहिनी, फार जुनी गोष्ट आहे. मी कोकणात गेले नाही ते सासूबाईंमुळे नव्हे. त्या तर माझ्याबरोबर यायला तयार होत्या. मीच भ्याले.”

वहिनींनी तिळगुळाची वाटी चाचपत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “ठाऊक आहे मला. तेव्हाच ठाऊक होतं. मी तुझ्या सासूला विचारलं होतं, पोरीला का अडवता म्हणून. तर म्हणाल्या, ‘नवी आहे, भ्याली. ती भ्याली असं गावाला कशाला कळायला हवं? माझ्या नावावर खपू दे. म्हाताऱ्या माणसाला नाव ठेवलं तर काय बिघडतं?’”

मला पुढे काही बोलवेना. वहिनी म्हणाल्या, “खा ग तिळगूळ. तुझी सून राहिली ना तिकडे?”

“राहिली,” मी म्हटलं.